मशुलामच्या डाव्या हाताची जागा

आणि मी मेले नव्हते. एवढे तरी आधी बघून घ्यायला हवे होते. तीन दिवस अंगात ताप होता, चौथ्या दिवशी पहाटे उतरला, पाणी प्यायला उठले तर अंगणात कुदळीचा आवाज. दार उघडले. शेजारचा शेमतोव माझ्या डाळिंबाच्या बुंध्याशी खणत होता. तेल विकणारा माणूस, उभ्या जन्मात त्याने कुदळ हातात धरली नसेल, अंगरखा कमरेला खोचून घाम गाळत होता. फाटकापाशी आमच्या अंत्यविधी मंडळाचे प्रमुख रब्बी अझर्या उभे, हातात नवेकोरे कुलूप. दोघांचे भांडण चालले होते, आधी कुदळ पडली की आधी कुलूप आले.

ज्यांना आमचा कायदा माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. जी बाई परक्या धर्मातून यहुदी झाली आणि मूलबाळ मागे न ठेवता मेली, तिला वारस नसतो. ती पाण्यात बुडी मारून वर येते तेव्हा नवी जन्मलेली असते, म्हणून तिचे आईबाप, भाऊबहीण सगळे पुसले जातात. ती मेली की तिच्या घराला मालक उरत नाही. जो पहिला येऊन त्या जागेत मालकासारखे एखादे काम करील, मूठभर माती उकरील, कुंपण बांधील, कुलूप लावील, जागा त्याची. खालच्या आळीत कोणाच्या तरी घरी रडारड झाली. ती कोणासाठी, हे न विचारता हे दोघे माझ्याकडे धावले.

मी पायरीवर उभी राहून म्हटले, "शेमतोव, डाळिंबाला आळं करतोस का?"

तो वळला आणि कुदळ त्याच्याच पायावर पडली. "बाई, तुम्ही जिवंत आहात?"

"अजून आहे. थांबू नकोस, पलीकडची बाजू राहिली आहे."

रब्बी अझर्या यांनी तोवर कुलूप पाठीमागे नेले होते. म्हणाले, देवाची कृपा, नेहामाबाई, घर उघडं राहू नये म्हणून आम्ही आलो होतो. मी म्हटले, मग लावा की, लपवता कशाला. त्यांना लावावे लागले. ते कुलूप आज माझ्या फाटकाला आहे.

त्या सकाळी ठरवले की कागद करायचा. तोच हा.

मी, नेहामा, अब्राहामाची मुलगी, मशुलाम पार्दो यांची विधवा, लोकर रंगवणारी, वय पन्नासच्या आतबाहेर, राहणार त्सफात, खालच्या झऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवरचे तिसरे घर, हे माझे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून फसवलेले नाही. बाहेरून आलेल्याने बापाच्या नावाच्या जागी अब्राहाम लिहायचा असतो, तो लिहिला. ज्याने मला खांद्यावर घेऊन मेंढ्यांमागे फिरवले त्या माणसाचे नाव इथे चालत नाही. मी ते विसरलेली नाही, एवढेच नोंदवते.

अक्षर वेडेवाकडे आहे. तीस वर्षांची होईपर्यंत मला एक अक्षर येत नव्हते, नंतर मशुलामनी लोकरीच्या गाठोड्यांवर खडूने काढून शिकवली. न्यायसभेचा लेखनिक मसुदा करून द्यायला आला होता. त्याने पहिल्या पानावर मला तीन वेळा 'दीन' आणि दोन वेळा 'अज्ञ' लिहिले. त्याला पाणीही न विचारता परत पाठवले. मात्र कायद्याच्या दोन गोष्टी त्याच्याकडून काढून घेतल्या, त्या उपयोगी आहेत.

पहिली गोष्ट. खाटेवर पडून, मरता मरता तोंडाने वाटणी करायची सोय जन्माच्या यहुद्याला आहे, मला नाही. मरणाऱ्याचे दान हे वारशाच्या जागी धरतात, आणि मला वारसाच नाही, मग दान कुठले. म्हणून मी हे अंथरुणातून लिहीत नाही. आज सकाळी दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी झऱ्यावर उतरले, दोन घडे भरले आणि एकशे चौदा पायऱ्या चढून वर आले. हनानेल पाणक्या म्हणाला, "मावशी, माझा धंदा बुडवता का?" म्हणजे मी धडधाकट आहे, याला त्याचीच साक्ष.

दुसरी गोष्ट. 'माझ्या मरणानंतर देते' असे लिहिले तर ते फुकट. 'आजपासून, आणि माझ्या मरणानंतर' असे लिहावे लागते. म्हणजे वस्तू आज दिली, वापर माझ्या मरणापर्यंत माझा. तेव्हा खाली जिथे जिथे मी 'देते' लिहिले आहे तिथे तिथे आजपासून आणि माझ्या मरणानंतर असे समजावे. दर वेळी लिहायला मला वेळ नाही. साक्षीदारांनी माझ्याकडून रुमालाचे टोक धरून ओढून घेतले आहे, म्हणजे व्यवहार पुरा झाला. आता कोणी कुदळ घेऊन आले तर मजुरी मागू नये.

कलम पहिले, घर. वरच्या दोन खोल्या, खालची एक, गच्ची आणि पिंपांची छपरी. हे घर मशुलामनी त्यांच्या हयातीतच मला बक्षीसपत्राने दिले, न्यायसभेत नोंद आहे. माझी नणंद जोया हिला त्यांच्या मागे दोन माग आणि कोठीतली सगळी लोकर मिळाली. तेव्हा घरावर तिचा हक्क नाही, हे ती स्वतःही जाणते, फक्त दर सणाला विसरते.

हे घर मी ओरो हिला देते. ओरो ही सूत कातणारी विधवा, सात वर्षे माझ्या खालच्या खोलीत राहते; कुदळीच्या पहाटे ती लोकर धुवायला झऱ्यावर गेली होती. वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती पोर्तुगालच्या बेटावरून आली, तोवर तिला आपल्या प्रार्थनेचे दोनच शब्द येत होते आणि तेही चुकीचे. घर तिला स्वतःसाठी नाही. या गावात जो कोणी परका यहुदी व्हायला येईल, किंवा ज्याच्या बापजाद्यांना मारून-झोडून ख्रिस्ती केले होते असा कोणी परत येईल, त्याने या दारात यायचे. त्याला खोली, अंथरूण आणि तीन महिने जेवण. कोणत्या गावचा, कोणाचा, मनापासून आलास का, असे काही विचारायचे नाही. आम्ही आलो तेव्हा विचारणारे रांगेत उभे होते, जेवलात का एवढे सोडून सगळे विचारत होते. ओरोनंतर तिने अशाच आलेल्यांतला कोणी निवडून त्याच्या नावे घर करावे.

लोक म्हणतील, हिला वारस नाही म्हणून हिने धर्मशाळा काढली. उलटे आहे. मला वारस आहेत म्हणून काढली. त्याचे पुढे लिहिते, आधी भांडीकुंडी संपवते.

तांब्याचे तीन हंडे, तुरटीची कोठी, लाल रंगाची मंजिष्ठ कुटायचे उखळ आणि दोन्ही निळीची पिंपे ओरोलाच. नीळ आंबवून पिंप कसे जिवंत ठेवायचे ते तिला शिकवले आहे, पण ती कोंडा कमी घालते. ओरो, कोंडा कमी घालू नकोस. वास आंबूस-गोड असला तर ठीक, सडका आला तर राख घाल आणि दोन दिवस झाकून ठेव, उघडून बघू नकोस, तुला बघायची सवय आहे. शनिवारी पिंपाला हात लावायचा नाही आणि शेजाऱ्याच्या परधर्मी नोकराकडूनही ढवळून घ्यायचे नाही. लोक घेतात. आपण नाही.

शेमतोवला डाळिंबाच्या झाडाची पहिली दहा फळे दर वर्षी, झाड कोणाकडेही जावो. आळे त्याने चांगले केले होते.

रब्बी अझर्या यांना त्यांचे कुलूप परत. चावी ओरोकडे राहील.

जोयाला माझी मिठाची बरणी. वीस वर्षे ती माझ्या पानावर बसून म्हणाली की स्वयंपाकिणीच्या हाताला मीठ जास्त आहे. कधी वहिनी म्हणाली नाही, कायम स्वयंपाकीण. आता बरणी तिच्याकडे, हवे तेवढे घालावे. शिवाय तिला माझी निळी शाल. ती तिला आवडते हे मला माहीत आहे. मी नसले की खांद्यावर टाकून आरशात बघते.

साक्षीदारांना काही देत नाही, कारण घेणाऱ्याची साक्ष चालत नाही. ओरोला साक्षीदार करणार होते, तर ती घेणारी, शिवाय कागदावर बाईची साक्ष चालत नाही. हनानेल माझ्यासारखाच परक्या घरून आलेला, त्याची चालते. मी विचारून घेतले आहे.

आता अंगण. या कलमावर सगळे डोळे लावून बसले आहेत, म्हणून सावकाश वाचावे.

अंगणात टाके आहे, बाराही महिने पाणी असते. अंत्यविधी मंडळाकडे प्रेते धुवायला स्वतःची जागा नाही. आजवर खाटकाच्या मागच्या तबेल्यात धुतात. माझ्या मशुलामला तिथेच धुतले, बाजूला गाढव उभे होते. मंडळाला माझे अंगण हवे आहे, हे गेली पाच वर्षे मला या ना त्या तोंडून ऐकू येते. मीही ते द्यायला तयार होते. मेलेल्या माणसाला स्वच्छ पाणी आणि चार भिंती मिळाव्यात, यात माझे काही दुमत नाही. हे अंगण, टाके आणि डाळिंब मी मंडळाला देते, एका अटीवर. अट पुढे आहे. अट मानली नाही तर अंगणही ओरोच्या घराबरोबर जाईल, आणि मंडळाने गाढवाशेजारी धुणे चालू ठेवावे.

अट अशी, की मी मेल्यावर मला मशुलामच्या डाव्या हाताला पुरावे.

हे लिहायची वेळ यावी, याचीच मला चीड आहे. तीन वर्षांपूर्वी मशुलाम गेले. जाण्याआधी दोन दिवस मंडळाचे तेव्हाचे म्हातारे प्रमुख खाटेशी बसले होते. मशुलाम त्यांना म्हणाले, "हिला माझ्या डाव्या हाताला ठेवा. उजव्या कानाने मला नीट ऐकू येत नाही." म्हातारे हसले आणि बरं म्हणाले. खोलीत चार माणसे होती. मशुलाम गेले, म्हातारे गेल्या हिवाळ्यात गेले. उरलो दोघी, मी आणि जोया.

कुदळीचा प्रकार झाल्यावर आठ दिवसांनी मी रब्बी अझर्या यांच्याकडे गेले. म्हटले, अंगणाचा कागद करते आहे, जागेचे तुमच्या वहीत लिहून ठेवा. त्यांनी वही उघडलीच नाही. ती जागा जोयाच्या नावे लावली आहे, असे म्हणाले. मला खालच्या उतारावर, ओढ्याकडच्या ओळीत जागा आहे. पंखांखालची ओळ, असे तिचे नाव त्यांनीच नवे ठेवले आहे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना आता तिथेच.

मी विचारले, का. तेव्हा ते ग्रंथातले सांगू लागले, आणि खरे सांगते, शांतपणे सांगत होते, चिडवत नव्हते. म्हणाले, जो वाट चुकून परत येतो त्याची पायरी इतकी वरची की जन्मभर एकही पाप न केलेला साधूसुद्धा तिथे उभा राहू शकत नाही. मशुलाम परत आलेले. म्हणून त्यांना वरच्या ओळीत ठेवले. जोयाही परत आलेली. मात्र जो परका आत येतो त्याचा आत्मा देवाच्या पंखांखालून येतो, आतून नाही. त्यालाही मान आहे, पण पंखांखाली. "बाई, यात अपमान नाही, पायऱ्यांचा प्रश्न आहे. खालच्या आत्म्याला वरच्याशेजारी ठेवलं तर वरच्याला ओढ लागते. तुम्हाला त्यांना खाली ओढायचं आहे का?"

म्हणजे ज्या पानाने माझ्या नवऱ्याला वर चढवले, त्याच पानाने मला त्यांच्यापासून तोडले. आयुष्यभर दोघांनी मिळून जे पुस्तक डोक्यावर घेतले ते असे मधोमध फाटले.

मी म्हटले, "रब्बी, बावीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला झोपले. तेव्हा किती ओढ लागली ते तुम्हाला काय माहीत."

त्यांनी कानांवर हात ठेवले. मी घरी आले. आता जे तिथे बोलता आले नाही ते इथे लिहिते. ग्रंथ मला सलग वाचता येत नाहीत, पण शब्बाथच्या दुपारी मशुलाम वाचून सांगायचे आणि मी विसरत नाही. माझ्याकडे विसरायला दुसरे काही नव्हते.

पहिले. मशुलाम परत आले, ते कसे? पोर्तुगालच्या गुआर्दा गावात त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला होते. मी जुनी ख्रिस्ती, मेंढपाळाची पोर. ते नवे ख्रिस्ती, म्हणजे मारून-झोडून केलेले, बाहेर चर्च आणि घरात शुक्रवारचा दिवा, तोही माठात लपवलेला. गावात प्रत्येकाच्या धुराड्यात डुकराच्या मांसाच्या नळ्या टांगलेल्या असत. आमच्याही असत, फक्त त्यांत कोंबडी आणि पाव भरलेला असे. भरायची मी. कशासाठी, हे मला कोणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. मला डोळे होते. धर्मन्यायालयाची माणसे आली तेव्हा घरच्यांना सोडून आधी मला उचलले, कारण स्वयंपाकिणीला सगळे ठाऊक असते. तीन दिवस एका खोलीत बसवून ठेवले. घरात डुक्कर खातात का, एवढे एकच फिरवून फिरवून विचारत होते. मी म्हटले, "मालक खातात, मालकीण खाते, धाकटे मालक तर एका बैठकीला तीन खातात, भरून भरून माझी कंबर गेली." चौथ्या दिवशी सोडले. पुढच्या वसंतात सगळे घर सालोनिकाच्या बोटीत बसले, आणि मीही बसले. धाकटे मालक म्हणजे मशुलाम, तेव्हाचे दुआर्ते.

मी तेव्हा एक शब्द वेगळा बोलले असते तर परत यायला कोण उरले असते? त्यांची पायरी उंच आहे, मान्य. ती चढायला त्यांचे पाय उरले, जळले नाहीत, ते माझ्या खोटेपणामुळे. तो खोटेपणा मी ख्रिस्ती असताना केला, म्हणजे देवाच्या दारात मी पाण्यात उतरण्याच्या आधीपासून काम करत होते. पगार चालू झाला नव्हता एवढेच.

दुसरे. सालोनिकाला मी पाण्यात उतरले तेव्हा तीन न्यायाधीश पडद्याआड होते. त्यांनी विचारले, या लोकांना सगळीकडून हाकलतात, मारतात, हे तुला माहीत आहे ना, मग कशाला येतेस? मी म्हटले, माहीत आहे, मी त्यांच्याच बोटीतून आले. त्यांनी बुडी मारायला सांगितले. जोया जन्मली यहुद्यांत, मशुलामही. त्यांना परत यावे लागले, कारण जायचे ते घर त्यांचेच होते. मला कोणी बोलावले नव्हते. मागे सगळे पुसून मी आले. आता मला सांगतात, तू पंखांखाली. बरं, पंख कोणाचे? देवाचेच ना? पिल्लू पंखांखाली असते ते अंगाला सर्वांत जवळ असते. बाहेर बसून ऐटीत बघणारे दूर असतात. हे मी खुराड्यात बघितले आहे, ग्रंथात बघायची गरज पडली नाही.

तिसरे, आणि यासाठीच हा कागद. आम्हाला एक मूल झाले, ते सालोनिकाला सातव्या दिवशी गेले. नंतर झाले नाही. मी मशुलामना म्हटले, दुसरी करा. कायद्याने त्यांना करता आली असती, दहा वर्षांनी करावी असेच म्हणतात. ते म्हणाले, बस. आणि ग्रंथ काढला. त्यात आहे की ज्या जोडप्याला मूल होत नाही त्यांचे जवळ येणे वाया जात नाही. प्रत्येक वेळी वरती एक आत्मा तयार होतो. तो आत्मा कोणत्यातरी परक्या घरात जन्म घेतो, आणि एक दिवस उठून घराकडे निघतो. लोक त्याला परका म्हणतात. तो परका नसतो, कोणाचा तरी लेक असतो.

मी विचारले, मग मी कोणाची? ते म्हणाले, असेल कोणी म्हातारी-म्हातारा, आपल्यासारखे. मी उठून भांडी घासायला गेले, कारण मला रडणे जमत नाही.

तर रब्बी अझर्या, हिशेब नको, पण बावीस वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत. आमचे लेक कुठे कुठे जन्मले असतील, कोण रशियात, कोण फ्रेंचांत, कोण एखाद्या मेंढपाळाच्या घरात. त्यातला एखादा धडपडत या डोंगरावर येईल, दार ठोठावील. त्याला कळणार नाही की आपण आईच्या घरी आलो. पण अंथरूण तयार असेल. हे माझे वारस. कायदा म्हणतो मला वारस नाहीत. तुमचा ग्रंथ म्हणतो आहेत. दोन्ही तुमचेच. आधी आपसात ठरवा, मग माझ्या अंगणात या.

आणि हे लेक आमच्या दोघांचे आहेत, एकट्या मशुलामचे नाहीत. वरच्या आत्म्याने एकट्याने मूल केले, असे कुठल्या पानावर आहे? नवरा वरच्या ओळीत आणि बायको ओढ्याकाठी, तर ते मूल आले कोणत्या ओळीतून?

आता जोया. हे वाचून दाखवतील तेव्हा तू समोर असशील, तेव्हा तुझ्याशी थेट बोलते. तुझ्या नवऱ्याला धर्मन्यायालयाने चौकात जाळले. तुझ्याकडे त्याचे थडगे नाही, राख कुठे गेली हेही माहीत नाही. शेवटी कोणाच्या तरी शेजारी पडावे असे तुला वाटते, आणि तुला आता भाऊच आहे. हे मला कळते. तू मला स्वयंपाकीण म्हणतेस म्हणून मी आंधळी नाही. पण खाटेशी तू होतीस. डाव्या हाताचे तू ऐकलेस. रब्बींनी तुला विचारले तेव्हा तू 'आठवत नाही' म्हणालीस, असे ते म्हणतात.

मी परवा दफनभूमीत, वरच्या ओळीत जाऊन आले. मशुलामच्या उजव्या हाताला त्रिपोलीचा एक म्हातारा गवई आहे, त्याला हलवता येत नाही. डाव्या हातापासून भिंतीपर्यंत मी पावले टाकली. सात. तिथे एक नाही, दोन थडगी बसतात. रब्बी म्हणतात भिंतीजवळ अंजिराची मुळे आहेत. मी लोखंडी सळई घालून बघितली, मुळे वरवर आहेत, एका दिवसाचे काम. पहिली जागा माझी, तिच्या पलीकडे भिंतीशी तुझी. मधे मी असेन, इलाज नाही. जन्मभर होतेच. पण एकटी पडणार नाहीस, आणि हे तुला माझ्याशिवाय कोणी देऊ केलेले नाही. त्यासाठी तुला एकच करायचे आहे, मशुलाम काय म्हणाले ते खरे खरे सांगायचे. शाल आणि बरणी तू सांग किंवा सांगू नकोस, तुझीच आहेत.

शेवटचे कलम, दगडाचे. माझ्या दगडावर 'परकी' असे काही कोरू नये. 'पंखांखालची' हेही नको. नेहामा, मशुलामची बायको, एवढे पुरे. खाली जागा उरली तर उरू द्यावी.

याखेरीज माझे काही नाही. याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. यातली घराची, पिंपांची आणि वस्तूंची कलमे आजपासून पक्की आहेत, अट मानली काय आणि न मानली काय. अट फक्त अंगणाला आहे. वाचून बघितले, चुका असतील त्या माझ्या आहेत, कोणी सुधारू नयेत.

लिहिणार: नेहामा, अब्राहामाची मुलगी, मशुलाम पार्दो यांची विधवा.

साक्ष: हनानेल, अब्राहामाचा मुलगा, पाणक्या. घडे मी पाहिले, रुमाल मी ओढला.

साक्ष: इतामार सागीस, विणकर. ही बाई उभी राहून लिहीत होती.

ठिकाण त्सफात, ईयार महिन्याचा विसावा दिवस, सृष्टीचे वर्ष पाच हजार तीनशे सत्तेचाळीस.

या कागदाची नक्कल आजच मंडळाकडे जाते. रब्बी अझर्या, दर वर्षी शावुओतच्या सणाला तुम्ही उभे राहून सांगता की धर्मशास्त्र मिळाले त्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी सगळे आत्मे हजर होते, जन्मलेले आणि न जन्मलेले, आणि पुढे कधीतरी बाहेरून येणारेही. मी दर वर्षी बायकांच्या जाळीमागे बसून ऐकते. या वर्षी ते सांगण्याआधी मला सांगा, तिथे मी कोणत्या ओळीत उभी होते, आणि मशुलाम माझ्यापासून किती पावलांवर होते. ओळी होत्या असे म्हणत असाल तर ते पान घेऊन या आणि बोट ठेवून दाखवा. वाचून मी घेईन, मला अक्षरे येतात. ओळी नव्हत्या असे म्हणत असाल तर वहीत नाव बदला, जोयाचा जबाब घ्या, मंडळाच्या तीन सह्या करा. उत्तर लेखी हवे, माझ्या फाटकाशी, येत्या सिवान महिन्याच्या पाचव्या दिवशी, सणाचे दिवे लागायच्या आत.